‘असता’ आणि ‘पैकी’ : सशर्त संभाव्यतेच्या चिन्हाचे मराठी वाचन

प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला संभाव्यतेच्या प्रकरणात एक उभी रेघ भेटते. सं(अ | ब) या लेखनात ती दोन अक्षरांच्या मध्ये उभी असते. (पाठ्यपुस्तकांत ही अक्षरे रोमन असतात, प्रस्तुत लेखात ‘संभाव्यता’ या शब्दासाठी ‘सं’ आणि घटनांसाठी अ, ब अशी योजना केली आहे.) या रेघेच्या आधी आलेल्या सर्व चिन्हांना आकृतीचा आधार असतो. दोन संचांचा छेद म्हणजे दोन वर्तुळांचा सामाईक भाग, संयोग म्हणजे दोन्ही वर्तुळे मिळून होणारा भाग, पूरक घटना म्हणजे वर्तुळाबाहेरचा उरलेला चौकोन. ही चित्रे विद्यार्थी शाळेपासून काढत आलेला असतो. रेघेपाशी आल्यावर मात्र तो थबकतो, कारण ‘अ | ब’ या नावाचा कोणताही भाग आकृतीत नसतो. तो नसतो हे त्याला कोणी सांगतही नाही. लगेच पुढच्या ओळीत सूत्र येते : सं(अ | ब) म्हणजे सं(अ आणि ब) भागिले सं(ब), मात्र सं(ब) शून्य नसावी. सूत्र सोपे आहे. त्यावरची उदाहरणेही सोपी असतात. प्रकरण पुढे सरकते.

प्रस्तुत लेखक विद्यार्थी असताना हे सूत्र त्याला तोंडपाठ होते आणि परीक्षेत त्यावरील प्रश्नाला पूर्ण गुणही मिळाले होते. पुढे काही महिन्यांनी एका सहाध्यायाने आकृती समोर ठेवून ‘यात अ | ब कोठे आहे?’ असे विचारले, तेव्हा त्याने निःशंकपणे दोन वर्तुळांच्या सामाईक भागावर बोट ठेवले. सहाध्यायालाही ते पटले. अध्यापन करू लागल्यावर लक्षात आले की, वर्गातील बरेच विद्यार्थी त्याच जागी बोट ठेवतात आणि त्यांनाही पूर्ण गुण मिळतात.

या चुकीचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फोडणे सोयीचे आहे. परंतु ते न्याय्य नाही. येथे तीन गोष्टी एकमेकींशी विसंगत आहेत : चिन्ह, त्याची व्याख्या आणि त्याचे मराठी वाचन. पहिल्या दोहोंतील विसंगती जगभराची आहे. तिसरी आपली स्वतःची आहे, आणि तिच्याकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. ‘ब घडली असता अ घडण्याची संभाव्यता’ हे रूढ वाचन इंग्रजी वाक्प्रयोगाचे भाषांतर म्हणून स्वीकारले गेले. ते मराठी वाक्य म्हणून कोणी तपासले नाही. ते तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

चिन्ह एका घराण्याचे, व्याख्या दुसऱ्या घराण्याची

सशर्त संभाव्यतेची कल्पना तिच्या चिन्हापेक्षा बरीच जुनी आहे. थॉमस बेझ यांचा प्रसिद्ध निबंध त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७६३ साली, रिचर्ड प्राइस यांच्या प्रयत्नांमुळे प्रकाशित झाला. त्यात ही कल्पना आहे, परंतु तिच्यासाठी स्वतंत्र चिन्ह नाही. पहिली घटना घडते असे गृहीत धरून दुसरीची संभाव्यता, अशा आशयाच्या शब्दांतच बेझ ती मांडतात. पुढे दीडशेहून अधिक वर्षे बहुतेकांचे काम शब्दांवरच भागले.

चिन्हाची गरज प्रथम तीव्रतेने भासली ती तर्कशास्त्राच्या अंगाने विचार करणाऱ्यांना. अर्थतज्ज्ञ म्हणून आपल्याला परिचित असलेले जॉन मेनार्ड केन्स यांनी १९२१ साली संभाव्यतेवर एक ग्रंथ लिहिला. कोणत्याही विधानाची संभाव्यता ही नेहमी कोणत्या तरी पुराव्याच्या सापेक्ष असते, सुटी संभाव्यता नसतेच, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून त्यांनी विधान आणि पुरावा यांच्यामध्ये तिरकी रेघ घालून दोन्ही एकत्र लिहिले. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३१ साली त्या जागी उभी रेघ वापरली. त्यांच्या दृष्टीने रेघेच्या डावीकडे एक विधान आणि उजवीकडे आपल्या हाती असलेली माहिती असे. दोन्ही बाजूंना विधाने होती, घटना नव्हत्या. ही बाब महत्त्वाची आहे.

१९३३ साली कोल्मोगोरोव्ह यांचा जर्मन भाषेतील छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि संभाव्यता ही संचांवर आधारलेली गणिती शाखा झाली. आज आपण शिकवतो ती भागाकाराची व्याख्या त्या ग्रंथातील आहे. मात्र कोल्मोगोरोव्ह यांनी रेघ वापरली नाही. त्यांनी ब हे अक्षर ‘सं’च्या पायाशी लहान आकारात लिहिले आणि कंसात फक्त अ ठेवला. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५० साली आले; त्याच वर्षी विल्यम फेलर यांचे पाठ्यपुस्तकही आले. फेलर यांनी व्याख्या संचांची ठेवली आणि चिन्ह उभ्या रेघेचे घेतले. त्यांचे पुस्तक जगभर वाचले गेले आणि रेघ रूढ झाली.

अशा रीतीने आपल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला चिन्ह एका घराण्याचे आणि व्याख्या दुसऱ्या घराण्याची आली. या सोयरिकीत काय हरवले ते पाहण्याजोगे आहे. कोल्मोगोरोव्ह यांच्या लेखनात कंसात एकच अक्षर असल्यामुळे कंसात एकच घटना आहे हे दिसते. बदलले आहे ते कंसाबाहेरचे मोजमाप. ब स्थिर आहे, अ बदलता आहे आणि ब स्थिर असेपर्यंत संभाव्यतेचे सर्व नियम लागू आहेत, हे सारे एका पायाशी लिहिलेल्या अक्षरातून सूचित होते. उभ्या रेघेच्या लेखनात अ आणि ब एकाच कंसात, एकाच उंचीचे, शेजारी शेजारी बसतात. मग विद्यार्थ्याला ‘अ | ब’ ही एक संयुक्त घटना वाटू लागली आणि तो ती आकृतीत शोधू लागला, तर नवल नाही.

याचा परिणाम उत्तरपत्रिकांत दिसतो. सं(अ | ब) आणि सं(अ नाही | ब) यांची बेरीज १ होते, हे बरोबर. पण अनेक विद्यार्थी सं(अ | ब) आणि सं(अ | ब नाही) यांचीही बेरीज १ मानतात. पायाशी लिहिलेल्या ब-मध्ये आणि ‘ब नाही’मध्ये ही चूक करणे अवघड आहे, कारण तेथे दोन वेगवेगळी मोजमापे आहेत हे डोळ्यांना दिसते.

आपल्याकडील अनेक पुस्तकांत आणि बहुतेक फळ्यांवर ही रेघ तिरकी असते. ती भागाकाराची खूण वाटते, आणि सूत्रात खरोखरच भागाकार असल्यामुळे हा गैरसमज अधिकच बळावतो. सं(अ) भागिले सं(ब) असे करून मोकळे होणारे विद्यार्थी प्रत्येक परीक्षकाने पाहिले असतील. खडूने रेघ सरळ उभी काढण्याचे कष्ट घेतले, तरी यातील काही चुका टळतील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाचनाची दिशा

इंग्रजीत हे चिन्ह जसे लिहिले जाते तसेच, डावीकडून उजवीकडे, वाचले जाते. आधी अ, मग रेघेसाठी एक शब्द, मग ब. चिन्हाचा क्रम आणि वाक्याचा क्रम एकच. मराठीत असे होत नाही. मराठी वाक्यात अट सामान्यतः आधी येते आणि मुख्य गोष्ट नंतर. विशेषण आधी, विशेष्य नंतर. ‘जो’ आधी, ‘तो’ नंतर. त्यामुळे ‘ब घडली असता अ घडण्याची संभाव्यता’ हे वाक्य म्हणताना डोळा प्रथम रेघेच्या उजवीकडे जातो आणि मग डावीकडे परततो. फळ्यावर लिहिणारा अध्यापक लिहितो एका दिशेने आणि बोलतो उलट दिशेने. त्याला स्वतःला याची जाणीव नसते, कारण त्याची सवय झालेली असते.

विद्यार्थ्याची सवय झालेली नसते. घाईत तो चिन्ह डावीकडून वाचतो आणि वाक्य मराठी क्रमाने रचतो. म्हणजे ‘अ घडली असता ब’ असे. सं(अ | ब) आणि सं(ब | अ) यांची अदलाबदल ही या प्रकरणातील सर्वांत घातक चूक आहे आणि ती येथे विचार सुरू होण्यापूर्वीच, केवळ वाक्यरचनेच्या पातळीवर घडून जाते. अर्थात, हे एकमेव कारण नव्हे. इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थीही ही अदलाबदल करतात, आणि डॉक्टर व न्यायालयेही करतात. त्याचा विचार पुढे येईलच. परंतु त्यांच्या वाटेत नसलेला एक जादा अडथळा आपल्या विद्यार्थ्याच्या वाटेत आहे, हे मान्य करावयास हवे.

‘असता’चे तीन अर्थ

दिशेपेक्षाही गंभीर प्रश्न ‘असता’ या शब्दाचा आहे. पुढील तीन वाक्ये पाहावीत.

‘त्याला विचारले असता तो म्हणाला.’ येथे ‘असता’ काळ दाखवतो. आधी विचारणे झाले, नंतर म्हणणे.

‘घाटात दरड कोसळली असता वाहतूक बंद पडते.’ येथे ‘असता’ अट दाखवतो.

‘पाऊस वेळेवर पडला असता पीक हाती आले असते.’ येथे ‘असता’ जे घडले नाही त्याची कल्पना करतो.

एकाच रूपात काळ, अट आणि विपरीत कल्पना हे तिन्ही अर्थ सामावणे हे भाषेचे वैभव आहे. गणिती व्याख्येत मात्र ते संकट ठरते. सशर्त संभाव्यतेला यांपैकी पहिला आणि तिसरा अर्थ मुळीच अभिप्रेत नाही. अ आधी घडली की ब, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आणि ब प्रत्यक्षात घडली नसती तर काय झाले असते, हा प्रश्नही ती विचारत नाही.

काळाच्या अर्थाने होणारा घोटाळा जेरुसलेम येथील संशोधक रूमा फाल्क यांनी १९८० च्या दशकात एका साध्या उदाहरणाने उघड केला. एका पिशवीत दोन पांढरे व दोन काळे चेंडू आहेत. एकामागून एक असे दोन चेंडू काढले. पहिला परत पिशवीत टाकला नाही. पहिला पांढरा असता दुसरा पांढरा असण्याची संभाव्यता किती? १/३, हे विद्यार्थी चटकन सांगतात. आता प्रश्न उलटा : दुसरा पांढरा आहे असे कळले, तर पहिला पांढरा असण्याची संभाव्यता किती? येथे अनेक विद्यार्थी १/२ असे उत्तर देतात. पहिला चेंडू काढला तेव्हा दुसरा काढलेलाच नव्हता, मग नंतरच्या घटनेचा आधीच्या घटनेवर परिणाम होईल कसा, असे त्यांचे म्हणणे असते.

परिणामाचा येथे प्रश्नच नाही. प्रश्न माहितीचा आहे. चार चेंडूंतून क्रमाने दोन काढण्याचे १२ प्रकार आहेत. त्यांपैकी ६ प्रकारांत दुसरा चेंडू पांढरा आहे. या ६ पैकी २ प्रकारांत पहिलाही पांढरा आहे. उत्तर १/३. फाल्क यांचे विद्यार्थी मराठी बोलत नव्हते, तेव्हा ही चूक भाषेने निर्माण केली असे म्हणता येत नाही. परंतु ‘दुसरा पांढरा निघाला असता पहिला पांढरा निघण्याची’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. कानाला ते चुकीचेच वाटते. काही अध्यापक तर ‘असता’च्या जागी ‘घडल्यावर’ किंवा ‘घडल्यानंतर’ असे म्हणतात. तेथे तर संदिग्धताही उरत नाही, सरळ चूकच शिकवली जाते.

अटीचा अर्थ तेवढा बरोबर, असे मानावे तर तेथेही एक खळगा आहे. ‘जर ब तर अ’ या विधानाची संभाव्यता आणि ब-सापेक्ष अ-ची संभाव्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक फासा टाकला. ‘जर ३ पेक्षा मोठी संख्या आली तर ती सम असेल’ हे विधान तर्कशास्त्रातील रूढ अर्थाने घेतले, तर ते खोटे ठरते फक्त ५ आल्यावर. म्हणून ते खरे असण्याची संभाव्यता ५/६. परंतु ३ पेक्षा मोठ्या संख्या तीनच, ४, ५ व ६. त्यांत सम दोन. म्हणून सशर्त संभाव्यता २/३. पहिल्या मोजणीत १, २ आणि ३ या अटीबाहेरच्या संख्यांनाही विधानाच्या बाजूने मत मिळते, दुसऱ्या मोजणीत त्या बादच होतात. तर्कशास्त्र आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विषय घेणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा भेद कोणीतरी स्पष्ट सांगण्याची गरज आहे. आज तो दोन वेगळ्या तासांना दोन वेगळ्या अध्यापकांकडून ‘जर–तर’ शिकतो आणि दोन्ही एकच समजतो.

‘स्वतंत्र’ या संज्ञेचीही येथे जाता जाता नोंद घ्यावी. मराठीत स्वतंत्र खोली म्हणजे वेगळी खोली, स्वतंत्र बिऱ्हाड म्हणजे वेगळे बिऱ्हाड. म्हणून दोन स्वतंत्र घटना म्हटले की विद्यार्थी दोन सुटी, एकमेकांना न छेदणारी वर्तुळे काढतो. वस्तुतः तशा घटना (त्यांची संभाव्यता शून्य नसेल तर) स्वतंत्र असूच शकत नाहीत, कारण एक घडली की दुसरी घडत नाही हे निश्चितपणे कळते.

‘पैकी’

वर चेंडूंचे उदाहरण सोडवताना एक शब्द दोनदा सहज येऊन गेला : ‘पैकी’. १२ पैकी ६, आणि त्या ६ पैकी २. दैनंदिन मराठीत सशर्त संभाव्यतेचा विचार ज्या शब्दाने केला जातो तो शब्द हाच. बाजारात आंब्यांची पेटी घेणारा, गावातील मतदारांचा अंदाज बांधणारा, शंभरापैकी गुण सांगणारा, प्रत्येक जण तो वापरतो. या शब्दाचे सामर्थ्य असे की, तो छेदस्थान कोणते हे उच्चारताक्षणीच सांगतो. ‘ब-पैकी अ किती?’ या प्रश्नात ब हा समूह आहे, अ हा त्यातील भाग आहे. काळ नाही, कारण नाही, कल्पना नाही. आकृतीत हा प्रश्न दाखवताही येतो : ब हे वर्तुळ सोडून बाकी सर्व पुसून टाका आणि उरलेल्यात अ-चा वाटा पाहा. कोल्मोगोरोव्ह यांनी पायाशी लिहिलेल्या अक्षराने जे सांगितले, ते मराठीत ‘पैकी’ सांगतो.

‘पैकी’ म्हटल्याने अदलाबदल कशी उघडी पडते, हे दाखवण्यासाठी आपल्याच व्यवसायातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्गात १२० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ५६ जणांची उपस्थिती अपुरी आहे, ६४ जण नियमित आहेत. परीक्षेत २० जण अनुत्तीर्ण झाले. त्यांत अपुऱ्या उपस्थितीचे १४ आणि नियमित ६. निकालानंतरच्या बैठकीत अहवाल सादर होतो : अनुत्तीर्णांमध्ये ७० टक्के विद्यार्थी अपुऱ्या उपस्थितीचे आहेत. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर मजकूर लागतो की, तासांना न बसणाऱ्यांना अनुत्तीर्ण होण्याचा धोका ७० टक्के आहे. सूचना लिहिणारा विज्ञान शाखेचा असो वा वाणिज्य शाखेचा, हा मजकूर त्याला खटकत नाही.

आता ‘कोणापैकी?’ हा एकच प्रश्न विचारावा. अनुत्तीर्ण २० पैकी अपुऱ्या उपस्थितीचे १४, म्हणजे ७० टक्के. अपुऱ्या उपस्थितीच्या ५६ पैकी अनुत्तीर्ण १४, म्हणजे २५ टक्के. नियमित ६४ पैकी अनुत्तीर्ण ६, म्हणजे सुमारे ९.४ टक्के. तिन्ही आकडे एकाच तक्त्यातले आहेत. विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण तुलना २५ आणि ९.४ यांची आहे, आणि ती उपस्थितीच्या बाजूनेच आहे. तिच्यासाठी ७० चा आकडा लागत नाही. शिवाय २५ आणि ९.४ यांची बेरीज १०० होत नाही, आणि व्हायचे कारणही नाही, हे येथे न सांगता समजते.

हा घोटाळा वैद्यकात जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतील डेव्हिड एडी यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारलेला प्रश्न दिला आहे. पुढे या प्रश्नाचे जे आकडे प्रचलित झाले ते असे : रोगाचे प्रमाण १ टक्का, रोग असणाऱ्या स्त्रियांपैकी ८० टक्क्यांची चाचणी होकारार्थी येते, रोग नसणाऱ्यांपैकी ९.६ टक्क्यांचीही होकारार्थी येते. एका स्त्रीची चाचणी होकारार्थी आली, तर तिला रोग असण्याची संभाव्यता किती? एडी यांना भेटलेल्या बहुसंख्य डॉक्टरांचे उत्तर ७५ टक्क्यांच्या आसपास होते. गेर्ड गिगरेन्झर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९५ साली हाच प्रश्न टक्केवारीऐवजी संख्यांत मांडून पाहिला. १००० स्त्रियांपैकी १० जणींना रोग आहे. त्या १० पैकी ८ जणींची चाचणी होकारार्थी. उरलेल्या ९९० पैकी सुमारे ९५ जणींचीही होकारार्थी. म्हणजे होकारार्थी १०३ पैकी रोग असणाऱ्या ८, सुमारे ७.८ टक्के. या मांडणीत बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. गणित तेच होते, सूत्र कोणी शिकवले नव्हते. त्यांनी जे प्रयोग करून शोधले, ते मराठीत एका शब्दयोगी अव्ययात अगोदरच उपलब्ध आहे, आणि आपण मात्र इंग्रजीची छाया असलेले ‘असता’ धरून बसलो आहोत.

ब्रिटनमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क या महिलेला आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या हत्येबद्दल दोषी ठरवण्यात आले. अशा कुटुंबात दोन्ही अर्भके नैसर्गिक कारणाने अकस्मात मरण्याची शक्यता सुमारे ७.३ कोटींत एक, अशी साक्ष तज्ज्ञाने दिली होती. ८५४३ या संख्येचा वर्ग करून हा आकडा काढला होता, म्हणजे दोन्ही मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र मानले होते. एकाच घरातील दोन भावंडांबाबत तसे मानण्यास आधार नव्हता. त्याहून मोठी भीती अदलाबदलीची होती. ७.३ कोटींत एक ही संख्या (ती बरोबर असती तरीही) कुटुंबांपैकी होती. न्यायासनापुढील प्रश्न होता, ज्या कुटुंबांत दोन अर्भके दगावली त्यांपैकी किती ठिकाणी कारण नैसर्गिक असते? दोन अर्भकांची हत्या हीदेखील अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली याबाबत जाहीर आक्षेप नोंदवला. २००३ साली शिक्षा रद्द झाली. सॅली क्लार्क यांचे २००७ साली निधन झाले.

‘पैकी’ कोठे अपुरा पडतो

‘पैकी’चा पुरस्कार करताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा, कशापैकी मोजायचे हे तो स्वतः ठरवत नाही. एका कुटुंबात दोन अपत्ये आहेत आणि त्यांत किमान एक मुलगी आहे, एवढेच ठाऊक असेल, तर दोन्ही मुली असण्याची संभाव्यता १/३ (मुलगा व मुलगी समसंभाव्य मानल्यास). परंतु आपण त्या घरी गेलो, दोघांपैकी कोणीही दार उघडण्याची शक्यता सारखी होती, आणि दार एका मुलीने उघडले, तर ती १/२ होते. पहिल्या वेळी आपण कुटुंबे मोजतो, दुसऱ्या वेळी दार उघडण्याचे प्रसंग. चार प्रकारच्या कुटुंबांत मिळून असे आठ प्रसंग. मुलीने दार उघडल्याचे चार. त्या चारांपैकी दोन दोन मुलींच्या घरातले. ‘किमान एक मुलगी आहे’ हे दोन्ही वेळा खरे आहे, परंतु ते कळण्याची रीत वेगळी आहे. माहिती कशी हाती आली याला सूत्रात जागा नाही. ती ब निवडणाऱ्याची जबाबदारी राहते. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांत ब आयताच दिलेला असतो, त्यामुळे विद्यार्थ्याला ही जबाबदारी कधी घ्यावीच लागत नाही.

दुसरी मर्यादा, जे एकदाच घडते त्याचा समूह कोठून आणायचा? अमुक हस्तलिखित अमुक कवीचेच असण्याची संभाव्यता, त्यातील शब्दकळा पाहता किती, असा प्रश्न साहित्याच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकाला पडू शकतो. तेथे ‘पैकी’ लटका पडतो. केन्स आणि जेफ्रीज यांना अभिप्रेत असलेली संभाव्यता ही. तिच्यासाठी ‘ब लक्षात घेता’ हे वाचन अधिक प्रामाणिक आहे. ‘लक्षात घेता’मध्येही काळाचा गोंधळ नाही, कारण लक्षात घेणारे आपण आहोत आणि ते आता घेत आहोत.

तिसरी मर्यादा तांत्रिक आहे. ब-ची संभाव्यता शून्य असेल, उदाहरणार्थ गोलावर यदृच्छेने निवडलेला बिंदू नेमक्या एका महावर्तुळावर पडला असे कळले, तर ब-पैकी मोजण्यासारखे काही उरत नाही आणि भागाकारही होत नाही. त्या महावर्तुळाकडे आपण कोणत्या मार्गाने येतो यावर उत्तर अवलंबून राहते, हे कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ च्या ग्रंथातच दाखवले आहे. पदवीपूर्व वर्गात याची आवश्यकता नाही.

प्रश्नपत्रिकेचा प्रश्न

वाचन बदलले तरी प्रश्नपत्रिका तशीच राहिली, तर फारसे काही साधणार नाही, अशी शंका सहकारी व्यक्त करतील. ती रास्त आहे. आपले नेहमीचे प्रश्न सं(अ), सं(ब) आणि सं(अ आणि ब) यांच्या किमती देऊन सं(अ | ब) काढावयास सांगतात. सामाईक भागावर बोट ठेवणारा विद्यार्थी आणि चिन्ह समजलेला विद्यार्थी या दोघांचीही उत्तरे तेथे अक्षरशः सारखी येतात. परीक्षकाला दोघांत फरक करण्याचे साधनच नाही. याउलट, उपस्थितीच्या उदाहरणातला तक्ता द्यावा, सूचना फलकावरील वाक्य द्यावे, आणि वाक्यातील ७० हा आकडा कोणापैकी आहे व सूचना लिहिणाऱ्याला कोणापैकीचा हवा होता, एवढेच विचारावे. या प्रश्नाला सूत्र लागत नाही आणि केवळ सूत्र पाठ असणाऱ्याला त्याचे उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखकाने तो अंतर्गत परीक्षेत एकदा घातला होता. उत्तरपत्रिका तपासायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, आणि वर्गात नेहमी पहिला येणाऱ्या विद्यार्थ्याने सूत्र लिहून पुढची जागा कोरी सोडली होती.